बर्फ वितळताना होणारा उष्मा विनिमय

कोमट पाण्यात बर्फ टाकल्यास पाण्याने गमावलेला उष्मा बर्फाने मिळवलेल्या उष्म्याइतका असतो. मात्र भांड्याबाहेरून उष्मा आत येता कामा नये. 0° से.चा 1 किलो बर्फ वितळण्यास सुमारे 80 किलोकॅलरी लागतात आणि तोवर त्याचे तापमान बदलत नाही. या अप्रकट उष्म्याची संकल्पना जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात मांडली.

30° से.च्या 4 किलो पाण्यात 0°चा 1 किलो बर्फ टाकल्यास 4(30 − त) = 80 + त, म्हणून अंतिम तापमान त = 8° से. बर्फ 2 किलो असल्यास हेच समीकरण ऋण उत्तर देते, आणि ते निरर्थक आहे. 0°पर्यंत निवताना पाणी 120 किलोकॅलरीच देते. त्यातून दीड किलो बर्फ वितळतो, अर्धा उरतो. म्हणून सारा बर्फ वितळेल का, हे आधी तपासावे. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या लाद्या फोडून मासळीवर घालतात, तिथेही हाच हिशेब. बांगड्याची विशिष्ट उष्माधारकता सुमारे 0.8 धरली, तर 28°चे 20 किलो बांगडे 0°वर आणण्यास 448 किलोकॅलरी, म्हणजे 5.6 किलो बर्फ पुरावा. प्रत्यक्षात कोकणच्या उकाड्यात हवेतून आणि पेटीच्या भिंतींतून उष्मा शिरतच राहतो. त्यामुळे उष्ण हवामानात मासळीच्या वजनाइतका बर्फ घेण्याची शिफारस केली जाते.