व्हीव्हीपॅट पडताळणी

व्हीव्हीपॅट हे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राला (ईव्हीएम) जोडलेले छपाईयंत्र आहे. आपले मत योग्य उमेदवारास नोंदले गेले, याची खातरजमा त्यावरून मतदारास करता येते.

कार्यपद्धती

बटण दाबल्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते. मतदान यंत्र इंटरनेटशी जोडलेले नसते. मात्र चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये बाहेरून भरावी लागतात. त्यामुळे हा टप्पा आक्षेपांचा विषय ठरला.

न्यायालयीन निर्णय

कागदी नोंद निःपक्ष निवडणुकीसाठी अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी नमूद केले. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रात एकाऐवजी पाच केंद्रांवरील चिठ्ठ्यांची मोजणी बंधनकारक झाली. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळण्यात आली. मात्र चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेश झाला.

महाराष्ट्रातील स्थिती

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दर्यापूरसह २८८ मतदारसंघांतील १,४४० व्हीव्हीपॅटची पडताळणी झाली. तफावत आढळली नाही, असे मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाने जाहीर केले. तरीही माळशिरस मतदारसंघातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर प्रतीकात्मक मतदान ठरवले. जमावबंदीनंतर त्यांनी ते मागे घेतले. यंत्राची अचूकता आणि मतदाराचा विश्वास हे दोन स्वतंत्र प्रश्न असल्याचे या घटनेने दिसून आले.