टिकलेला कंद आणि गेलेले सत्त्व

मराठीतील ‘बटाटा’ आणि कोकणीतील ‘बटाट’ हे शब्द आपल्याला पोर्तुगीज भाषेने दिले. मुळात हा शब्द कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांचा, आणि त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ रताळे असा होता. बटाट्याची जन्मभूमी मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत होय. आणि कंद साठविण्याच्या विद्येचा एक बोधप्रद इतिहासही तेथलाच आहे.

ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी व अवघी २ टक्के प्रथिने असतात. असा पाणथळ कंद फार काळ टिकावा कसा? पेरू व बोलिव्हियातील पठारांवरील लोकांनी यावर हिमाचाच उपाय योजला. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठवावयाचे, दिवसा उन्हात ठेवून पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढावयाचे आणि मग ते वाळवावयाचे. हा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. इंका राजवटीच्या कोठारांत तो साठविलेला असे. पुढे १५४५ मध्ये पोतोसी येथे रुप्याची खाण सापडली, तेव्हा खाणमजुरांना हाच चुन्यो विकून कित्येक स्पॅनिश व्यापारी धनवान झाले, असे सिएसा दे लेओन याने १५५३ च्या आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे.

परंतु या टिकाऊपणाची किंमत होती. गोठल्याने कंदातील पेशी फुटतात, आणि बटाट्यातील बरीचशी प्रथिने पाण्यात विरघळणारी असल्यामुळे ती रसाबरोबर वाहून जातात. पांढरा चुन्यो तर कित्येक दिवस वाहत्या पाण्यात भिजवितात. त्याने कडू जातींतील विषारी द्रव्य निघून जाते, पण प्रथिनेही काळ्या चुन्योहून अधिक घटतात. उरते ते मुख्यतः पिष्ट. चुन्योच्या जोडीला किन्वाचे धान्य व लामाचे सुकविलेले मांस असे, तेथे ही उणीव भरून निघे. ज्याच्या वाट्याला नुसता चुन्योच येई, त्याचे पोट भरे, पण पोषण अपुरे राही.

या प्रथिनांचा शास्त्रीय शोध बराच उशिरा लागला. १८९६ मध्ये ऑस्बर्न व कॅम्पबेल यांनी बटाट्यातील प्रथिनाला ‘ट्यूबरिन’ असे नाव दिले. त्यातील प्रमुख प्रथिन १९८० मध्ये ‘पॅटॅटिन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. हे प्रथिन म्हणजे कंदाने आपल्या भावी अंकुरासाठी राखून ठेवलेली शिदोरीच होय. उबदार जागी मोड फुटू लागले की ती मोडते आणि अंकुराकडे जाते. ४ अंशांच्या आसपासच्या थंडाव्यात मोड रोखले जातात. परंतु तेथे पिष्टाची साखर बनते, आणि असे बटाटे तळले असता ती साखर मुक्त अमिनो आम्लांशी संयोग पावून काप काळपट होतात.

कोठारातील माल आपण वजनाने मोजतो, आणि तो कुजला नाही म्हणजे राखला गेला असे मानतो. चुन्योचा इतिहास सांगतो की, धान्य राखणे व त्यातील सत्त्व राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले साधल्याच्या समाधानात दुसरे विसरले, तर त्याचा भार अखेर गरिबाच्याच ताटावर पडतो.