घरची जनावरं फोटोत आली कशी?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली वहीच्या जोडीला मोबाईलही हातोहात फिरतो. कुणाच्या करडाचा फोटो, कुणाच्या मांजरीच्या पिल्लांचा, कुणाच्या राखणीच्या कुत्र्याचा. आणि दर दुसऱ्या फोटोला कुणीतरी म्हणतंच, "अगं, हललाय की गं!" आज या हललेल्या फोटोंबद्दल बोलू. जनावर कॅमेऱ्यासमोर स्थिर राहत नाही, ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. लोकांनी तिच्यावर काय काय उपाय काढले ते ऐकलं, की आपल्यालाही दोन युक्त्या मिळतील.

कॅमेऱ्याच्या आधी चित्रं होती. आपल्या नगरच्या निजामशाहीतली चांदबीबी सगळ्यांना ठाऊक आहे. १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात तिनं नगरचा किल्ला लढवला. पुढे दख्खनच्या चित्रकारांनी तिची चित्रं काढली, त्यांत ती घोड्यावर बसलेली आणि हातावर शिकारी ससाणा घेतलेली दिसते. पण ही चित्रं तिच्या मृत्यूनंतर शंभर-शंभर वर्षांनी काढलेली आहेत. घोडा, ससाणा आणि राणी, तिन्ही चित्रकाराच्या मनातली.

तिची आई खुंजा हुमायून. तिचीही चित्रं होती. 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं निजामशाहीतलं सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजा हुसेन निजामशहाच्या शेजारी ही राणी रंगवलेली होती. नवऱ्यामागे मुलगा लहान म्हणून तिनं काही वर्षं कारभार पाहिला, मग मुलानंच तिला कैदेत टाकलं. त्या हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत तिची आकृती पुसलेली आहे. राजा जागेवर आहे, शेजारची बाई तेवढी गेली. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटोची कला जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. तेव्हा एका फोटोसाठी कितीतरी सेकंद, सुरुवातीला तर काही मिनिटं, जराही न हलता बसावं लागे. माणसाचं डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. शेळीला असा आधार कोण लावणार? म्हणून त्या काळच्या कित्येक फोटोंत जनावराचं धड स्पष्ट आणि मान-शेपटीच्या जागी नुसता धूर दिसतो.

मग लोक डोकं चालवू लागले. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटन गावच्या हॅरी पॉइंटर नावाच्या फोटोग्राफरनं मांजरांचे जवळजवळ दोनशे फोटो काढले. त्याचे आधीचे फोटो दूध पिणाऱ्या, झोपलेल्या मांजरांचे होते. म्हणजे मांजर आपल्या कामात असताना त्यानं तिला गाठलं. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजनं धावणाऱ्या घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे मांडले आणि एकापाठोपाठ एक फोटो घेतले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे तेव्हा कागदावर दिसलं. आपल्या मोबाईलमध्ये हीच सोय आहे. बऱ्याच फोनमध्ये बटण दाबून धरलं की भराभर दहा-वीस फोटो निघतात. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे.

आता आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात येऊ. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब वाढताना रोज थोडी थोडी फिल्म घेतली. महिनाभराचा धीर धरला, तेव्हा पडद्यावर काही क्षणांत बी उगवताना दिसलं. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला कडेची भोकं पाडत, फिल्म धुवत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि शूटिंगच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडत. उजेड त्यांनी दिला, पण पडद्यावर त्या कुठेच नाहीत.

आपल्याकडेही असंच चालत आलं. पोळ्याला बैल सजवले की फोटोत कासरा धरून घरचा पुरुष. वर्षभर शेण काढणारी, वैरण टाकणारी बाई फोटोच्या बाहेर, नैवेद्याचं ताट घेऊन उभी. आमच्या एका गटातल्या ताईंची विमा काढलेली संगमनेरी शेळी पावसाळ्यात दगावली. फाईलमधल्या फोटोत शेळी अर्धी, कानातला बिल्ला धूसर आणि दोर धरून उभे सासरे. गटाचं कर्ज ताईंच्या नावावर, शेळी त्यांनी वाढवलेली, पण फोटो पाहून तसं कुणी म्हणालं नसतं. पैशासाठी त्यांना कितीतरी हेलपाटे पडले.

म्हणून फोटो नीट काढायला शिकू या. पदरानं आधी मोबाईलची काच पुसा. सकाळचं कोवळं ऊन किंवा दारातला उजेड घ्या, भर दुपार टाळा. फ्लॅश नको, त्यानं मांजराचे डोळे चमकतात आणि वासरू बुजतं. उभ्यानं काढू नका, खाली बसा, मोबाईल जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर धरा. शेळी, कुत्रं काळं असेल तर सावलीच्या बाजूनं एकीला पांढरी चादर धरायला सांगा आणि फोनवर जनावराच्या तोंडावर बोट टेकवा. मागची बादली, वाळत घातलेले कपडे बाजूला करा. वैरण टाकून झाल्यावर, जनावर निवांत असताना काढा.

विम्यासाठी मात्र वेगळे फोटो ठेवा. एक कडेनं, चारही पाय दिसतील असा. एक जवळून, बिल्ल्यावरचे बाराही आकडे वाचता येतील असा. आणि एक जनावराजवळ तुम्ही स्वतः उभ्या असलेला. बाकी काय लागतं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं असे तीन फोटो आणायचे. चादर आळीपाळीनं धरू, म्हणजे जी चादर धरेल तिचाही फोटो निघेल.