बऱ्हाणपूर : स्थापना आणि नामकरण

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर व समोरच्या तीरावरील जैनाबाद ही दोन नावे एका कथेने जोडलेली आहेत. नासिरखान फारुकीने अशीरगड जिंकल्यावर दौलताबादेहून शेख जैनुद्दीन त्याच्या भेटीस आले. त्यांनी देणगी नाकारली आणि आपले गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने शहर वसवावे एवढीच इच्छा व्यक्त केली, असे फिरिश्ता सांगतो.

कालगणनेपुढे ही कथा टिकत नाही. शेख जैनुद्दीन १३६९ च्या सुमारास निवर्तले. नासिरखान सत्तेवर आला तो १३९९ मध्ये. तथापि कथा खोटी ठरल्याने नाव निरर्थक ठरत नाही. नासिरखानाचा पिता मलिक राजा याने थाळनेरचा किल्ला धाकट्या पुत्रास दिला होता. जैनुद्दीनांकडून मिळालेला खिरका मात्र थोरल्याकडे, म्हणजे नासिरखानाकडे, आला. हातात राजधानी नसलेल्या वारसाने नवे नगर वसवताना गुरुपरंपरेचे नाव निवडावे, यात भक्तीइतकाच हक्काचाही उच्चार असावा.

स्थळही विचारपूर्वक निवडलेले दिसते. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी वाट सातपुड्याच्या ज्या खिंडीतून येते तिच्यावर अशीरगडाची नजर आहे, आणि गडापासून सुमारे २० किलोमीटरवर हे नगर आहे. माळवा, गुजरात व बहमनी या तिन्ही सत्तांची सीमा जवळ, त्यामुळे व्यापार आला तसे सैन्यही आले. बहमनी सरदार खलफ हसन याने शहर लुटले. त्याच स्वारीत पराभूत झालेला नासिरखान १४३७ मध्ये मरण पावला.

थाळनेर त्याने १४१७ मध्येच घेतले होते, आणि जुन्या राजधानीची ओढ लवकर सुटली नाही. पहिला आदिलखान व मुबारकखान यांचे दफन थाळनेरलाच झाले. दुसरा आदिलखान (१४५७–१५०१) मात्र बऱ्हाणपुरातच पुरला गेला. शहर खऱ्या अर्थाने राजधानी झाले ते या वेळी, असे मानणे स्थापनेच्या वर्षावर वाद घालण्यापेक्षा अधिक उपयुक्त होय.

पुढे राजा अलीखानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरला गेला. त्यात फारुकींची वंशावळ असून शके १५११, म्हणजे इ. स. १५९० च्या आरंभीचा काळ, तिथी-नक्षत्रांसह दिला आहे. त्यानंतर अवघ्या ११ वर्षांनी, १६०१ मध्ये, अशीरगड अकबराच्या हाती पडला.