आण्याचे पैसे झाले तेव्हा



'चार आणे, आठ आणे' आपण अजून बोलतो. आण्याचे पैसे झाले तेव्हा घरखर्चाचं काय झालं, ते सासूबाईंकडून ऐकलेलं सांगते.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. आधी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. आता १०० नवे पैसे. चार आण्यांचे बरोबर २५ झाले, पण एका आण्याचे सव्वासहा! सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ नवे पैसे होते. गावातला एक भाजीवाला मात्र आण्याच्या जुडीचे ७ घ्यायचा. म्हणजे सोळा जुड्यांना ९६ ऐवजी ११२! सासूबाई मग शेजारणीबरोबर मिळून चार आण्यांची भाजी एकदम घ्यायच्या. २५ नव्या पैशांत वादच नाही.

आमच्या किराणा दुकानात सासऱ्यांनी आण्याला ६ च घेतले. तत्त्वार्थसूत्रात खोटी वजनं-मापं हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. ते म्हणायचे, एका पैशाचं जास्त घेणंही त्यातच आलं.

आज सुट्ट्या पैशांऐवजी कोणी हातावर चॉकलेट ठेवलं की मला ते ७ नवे पैसे आठवतात.