यंत्रणा उभी राहण्याआधीच ती टिकेल का, हे कसं तपासतात? आधारच्या उदाहरणातून समजून घ्या

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. एका गावात चालणारी यंत्रणा शंभर कोटी लोकांसाठीही चालेल का, हे आधी कसं कळणार?

अशा प्रश्नांसाठी 'मॉडेल-आधारित सिस्टिम्स इंजिनिअरिंग' ही पद्धत आहे.

ही पद्धत काय आहे?

मोठ्या प्रकल्पात प्रत्येक विभागाची कागदपत्रं वेगळी असतात. एकाने बदल केला तरी दुसऱ्याला पत्ता नसतो. या पद्धतीत गरजा, भाग आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध एकाच डिजिटल मॉडेलमध्ये मांडतात. मग सिम्युलेशन करून, म्हणजे संगणकावर हुबेहूब परिस्थिती उभी करून, वेगवेगळे आराखडे ताडून पाहतात.

छोटी चाचणी का पुरत नाही?

एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून आधारमध्ये प्रत्येक नवी नोंद जुन्या नोंदींशी जुळवून पाहतात. 1,000 लोकांसाठी एकूण सुमारे 5 लाख तुलना होतात, 10,000 लोकांसाठी सुमारे 5 कोटी. लोक दहापट, काम शंभरपट!

चुकांचंही तसंच. समजा, एक कोटी तुलनांमध्ये एकदा चुकीची जुळणी होते. 10 लाख नोंदी असताना दहा नव्या माणसांमागे एकाच्या बाबतीत चूक निघेल. 100 कोटी नोंदी असतील, तर प्रत्येक नव्या माणसामागे शंभर! दहा बोटांच्या ठशांसोबत दोन्ही डोळ्यांची बुबुळंही घेण्यामागे हेही एक कारण आहे.

यंत्रणा बदलली तर?

आधारमध्ये 2018 साली व्हर्च्युअल आयडी आला, पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली. असा प्रत्येक बदल कुठल्या भागांवर परिणाम करेल, हे मॉडेलमध्ये आधीच तपासता येतं.

मर्यादा कोणत्या?

मॉडेल त्यात धरलेल्या गृहीतकांइतकंच खरं असतं. धानोऱ्यासारख्या गावात रेशन दुकानातल्या मशीनला रेंज नसेल किंवा शेतमजुराचे ठसे झिजलेले असतील, तर काय? सरासरीच्या हिशेबात शंभरात एक अपयश किरकोळ वाटतं. पण त्या एका घरासाठी तो महिन्याच्या धान्याचा प्रश्न असतो. म्हणून ओटीपी किंवा बुबुळांसारखा दुसरा मार्ग आणि तोही बंद पडला तर काय करायचं, हे दोन्ही मॉडेलमध्ये सुरुवातीपासूनच असायला हवं.