इंग्रज कुळांचे दाखले

आमचे पूर्वज विजेत्या विल्यमबरोबर १०६६ सालीं नॉर्मंडीहून आले, असें अभिमानानें सांगणारीं घराणीं इंग्लंडांत थोडींथोडकीं नाहींत. हेस्टिंग्जच्या लढाईंत विल्यमच्या बाजूनें लढलेल्यांची म्हणून ‘बॅटल अॅबीची यादी’ पुढें केली जाते. तींत शेंकडों नांवें आहेत. परंतु ती बरीच मागाहूनची असून वेळोवेळीं तींत सोयीचीं नांवें घुसडलेलीं आहेत. विश्वसनीय लेखांवरून त्या दिवशीं रणांगणावर खात्रीनें होते असें ज्यांच्याविषयीं म्हणतां येईल, ते वीर वीसपंचविसांच्या आंतबाहेरच भरतात. पुढें १५३० पासून १६८८ पर्यंत राजाचे भाट, ज्यांना तिकडे ‘हेरल्ड’ म्हणतात, प्रांतोप्रांतीं फिरून सरदारांच्या व गृहस्थांच्या वंशावळी तपाशीत. पण माहिती सांगणारा स्वतः यजमानच असल्यावर भाटानें तपासावें तरी किती! होरेस राउंड (१८५४–१९२८) ह्या इतिहासकारानें असल्या वंशावळींची निर्दयपणें चिरफाड केली. १०६६ च्या पूर्वींच्या इंग्रज पुरुषापर्यंत पुराव्यानिशीं जाऊन पोहोंचणारीं घराणीं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. वॉरिकशायरांतील आर्डन हें त्यांपैकीं एक. शेक्सपिअरची आई आर्डनच होती. पण तिचें माहेर ह्या थोर वृक्षाच्या कोणत्या फांदीवरचें, हें सिद्ध झालेलें नाहीं.

वंशावळ अडते ती बहुधा नांवापाशीं. १०८६ च्या डूम्सडे बुकांत जमिनी, नांगर, पाणचक्क्या ह्यांची मोजदाद आहे. जमीनदारांचीं नांवें आहेत. कुणब्यांची मात्र नुसती संख्या आहे. सामान्य माणसाचें उपनांव तेव्हां बापाकडून मुलाकडे जात नसे. लोहाराचा मुलगा सुतार झाला, तर ‘स्मिथ’ जाऊन ‘कार्पेंटर’ येई. नॉर्मन सरदारांनीं आपल्या जहागिरीच्या नांवांवरून कायमचीं आडनांवें घेतलीं, आणि तो प्रघात झिरपत झिरपत १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांत रुजला. त्याचें एक कारण पाळण्यांतील नांवांचा दुष्काळ हें होय. चौदाव्या शतकांत जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आणि थॉमस ह्या पांच नांवांतच निम्म्याहून अधिक पुरुष सामावले होते. कर वसूल करणाऱ्या कारकुनाला ‘कोणता जॉन?’ हें लिहून ठेवणें भागच पडे. एकट्या रॉबर्टापासून रॉबर्ट्स, रॉबिन्सन, हॉब्सन, हॉपकिन्स, डॉब्सन इतकीं आडनांवें निघालीं! धंद्यांवरून पडलेलीं कांहीं नांवें तर प्रांतही सांगतात. विणलेलें लोंकरी कापड पाण्यांत तुडवून घट्ट करणाऱ्यास आग्नेय भागांत फुलर, नैर्ऋत्य भागांत टकर आणि उत्तरेंत वॉकर म्हणत. तेव्हां एखादे वॉकरसाहेब आपलें मूळ डेव्हनमध्यें शोधूं लागले, तर त्यांना आधींच सावध करावें हें बरें.

मग एका आडनांवाचे सारे एका रक्ताचे समजावयाचे काय? लेस्टर विद्यापीठांतील ट्यूरी किंग व मार्क जॉबलिंग ह्यांचें ह्यावरील संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. बापाकडून केवळ मुलाकडेच जाणारें ‘वाय’ गुणसूत्र त्यांनीं तपासलें. दुर्मिळ आडनांवांचे पुरुष पुष्कळदां एकाच मूळ पुरुषाचे वंशज निघाले; स्मिथांचें मात्र एकमेकांशीं कांहीं नातें दिसेना. तें स्वाभाविकच आहे, कारण लोहार गांवोगांव होते. ह्याच विद्यापीठाच्या पुराणवस्तुसंशोधकांना २०१२ सालीं तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सांपडला. हा राजा १४८५ सालीं बॉस्वर्थच्या लढाईंत पडलेला. त्याच्या बहिणीच्या स्त्रीपरंपरेंतील हयात वंशजांशीं सांगाड्याचा मेळ बसला. परंतु तिसऱ्या एडवर्डापासून कागदोपत्रीं पुरुषपरंपरेनें उतरलेल्या पांच गृहस्थांपैकीं एकाचेंही वाय गुणसूत्र रिचर्डाशीं जुळलें नाहीं. म्हणजे मध्यें केव्हां तरी, निदान एकदां, कागदावरचा बाप निराळा आणि खरा बाप निराळा होता!

राजकुळाची ही कथा, तर सामान्य इंग्रजानें आपला शोध घ्यावा कोठें? थॉमस क्रॉमवेलनें १५३८ सालीं हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या चर्चमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची वही ठेवावी. हा नव्या कराचा डाव आहे, असा लोकांस त्या वेळीं संशय आला. ह्या वह्यांच्याही पलीकडे जावयाचें तर जहागिरीच्या न्यायकचेरींत लॅटिनमध्यें लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या उलगडाव्या लागतात. आपल्या भाषेंत ‘कूळ’ म्हणजे घराणें आणि कूळ म्हणजे धन्याची जमीन कसणाराही. इंग्लंडांत ह्या दोन्ही कुळांची नोंद एकाच चर्मपत्रावर झाली आहे. जमिनीला बांधलेल्या कुळास ‘व्हिलन’ म्हणत. नाटकसिनेमांतील खलपुरुषाला आपण देतों तें नांव मुळांत ह्या गरिबाचें! तो मेला कीं घरांतलें उत्तम जनावर धन्याकडे जाई. वारसानें जमीन घेतली कीं नजराणा. मुलीचें लग्न केलें कीं पट्टी. मुलगा परगांवीं राहूं लागला कीं त्याबद्दल सालोसाल रक्कम. प्रत्येक वेळीं कारकून नांव आणि नातें टिपून ठेवी. १३४९ च्या महामारीनंतर तर मृतांच्या व वारसांच्या नोंदी ओळीमागून ओळ लागलेल्या दिसतात. सरदाराची वंशावळ त्याच्या स्वतःच्या तोंडची. ह्याची मात्र धन्याच्या हिशेबांतली. माझ्या मतें दुसरीच अधिक भरवशाची.

हें बंधन जन्मानेंच येई. ‘मी स्वतंत्र आहें’ म्हणून कोणी राजाच्या न्यायालयांत उभा राहिला, तर धनी त्याच्या नातलगांनाच हजर करी. ‘आम्ही व्हिलन आहों’ असें ते कबूल करीत, आणि आजापणजापासूनचा वंश न्यायाधीशापुढें मांडला जाई. ह्यांतून सुटण्याची एक वाट होती. अनौरस मूल कायद्याच्या दृष्टीनें कोणाचेंच नव्हे, तेव्हां बापाचें दास्यही त्याला लागत नाहीं, असें चौदाव्या शतकांत न्यायालयें मानूं लागलीं. म्हणून कांहीं शेतकऱ्यांनीं चारचौघांदेखत, आपला बाप लग्नाचा नव्हता, असा जबाब दिला. आणि तो मान्य झाला कीं ते मोकळे होऊन घरीं जात.